लघुनालिक आणि बृहन्नालिक

शुक्रनीतींत नालिकास्त्राचे लघु व बृहत् असे दोन भेद सांगितले आहेत. तो भाग मागाहून घातलेला असावा असें पुष्कळ पंडितांचें मत आहे, व आमचेंही तेंच आहे; परंतु भेद सोयीचा म्हणून आम्हीं तो येथें घेतला आहे.

पाश्चात्त्य देशांतील कांहीं हौशी गृहस्थ आपली शिकारी रायफल अंगरख्याप्रमाणें मापानें बेतून घेतात. हातानें बोल्ट मागेंपुढें सरकवून एकेक काडतूस आंत घेणारी ही बंदूक. तिची नळी एकाकडून, दस्ता दुसऱ्याकडून. पण खरें नवल काडतुसाचें. बाजारांतील प्रसिद्ध काडतुसाचें पितळी कवच घेऊन त्याची मान आवळतात, म्हणजे मूळच्याहून बारीक गोळी त्यांत बसते. आणि नळींतील घरही त्याच आकाराचें कोरवून घेतात. असें काडतूस कोणत्याच दुकानीं मिळत नाहीं. त्यास तिकडे 'वाइल्डकॅट' म्हणजे रानमांजर म्हणतात! ज्यानें पाळलें त्यानेंच त्यास खाऊं घालावें.

आपल्याकडे हा छंद चालावयाचा नाहीं. १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून बंदूक बनवितां येत नाहीं, जवळ बाळगितांही येत नाहीं. सैन्याचें ०.३०३ माप सामान्य नागरिकास वर्ज्य ठरलें, म्हणून सरकारी कारखान्यानें त्याच धर्तीची ०.३१५ मापाची रायफल काढली. नेम सुधारावा हा हेतु नव्हता. माप बदललें तें कायद्यासाठीं.

आतां बृहन्नालिक. आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील परंड्याच्या किल्ल्यावर एके काळीं 'मलिक-ए-मैदान' ही तोफ होती. इ. स. १५४९ त अहमदनगर येथें, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानींत, रूमी म्हणविणाऱ्या ओतकारानें ती कांशासारख्या मिश्र धातूची ओतली व तिच्यावर धन्याबरोबर आपलेंही नांव घातलें. लांबी सुमारें चौदा फूट, तोंड दोन फुटांहून अधिक रुंद, वजन सुमारें ५५ टन. तोंडाशीं सिंहाचा जबडा, आणि त्यांत चिरडला जाणारा हत्ती. एवढ्या तोंडाला दुसऱ्या तोफेचा गोळा कसा चालावा? तोहि तिच्याच मापाचा घडवावा लागे. येथें लघु आणि बृहत् यांची गांठ पडते. शस्त्र जितकें एकमेव, तितका त्याचा धनी त्याच्या खाद्यास बांधलेला. आणि हें बंधन हौशी मनुष्यास जेवढें शोभतें तेवढें राज्यास शोभत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१६३२ सालीं मुरार जगदेवानें ती परंड्याहून विजापुरास नेली. दहा हत्ती, चारशें बैल आणि शेंकडों माणसें जुंपलीं होतीं असें सांगतात. पावसाळी काळ्या मातींत ज्यांनीं साधी बैलगाडी रुतलेली पाहिली आहे, त्यांस त्या प्रवासाची कल्पना आम्हीं द्यावयास नको. एवढें करूनही १६८६ त विजापूर पडलें तेव्हां तोफ बुरुजावरच होती, आणि औरंगजेबानें आपल्या जयाचा लेख तिच्याच अंगावर कोरविला.

१८५४ सालीं तिचा लिलांव मांडला तेव्हां बोली दीडशें रुपयांच्या वर जाईना. सुदैवानें ती विक्री रद्द झाली, म्हणून विजापुरास ती आजही पाहावयास मिळते.

परंड्याच्या किल्ल्यांतही अद्याप तोफा आहेत. बार्शीहून गांव फार दूर नाहीं. सुटींत मुलांस नेलें तर तोफांचीं तोंडें त्यांस वितींनीं मोजूं द्यावीं. आणि एखादा दगडी गोळा दृष्टीस पडलाच, तर तो कोणत्या तोफेचा, हेंही त्यांनाच ठरवूं द्यावें.