विश्लेषण : बारा वर्षे इंग्रजी शिकूनही विद्यापीठात एक पान लिहिणे जड का जाते?

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज पदवीला आलेला विद्यार्थी किमान १२ वर्षे हा विषय शिकलेला असतो. तरीही प्रकल्प अहवाल, शोधनिबंधाचा सारांश किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज इंग्रजीत लिहायची वेळ आली की तो अडखळतो. दोष व्याकरणावर ढकलला जातो. खरी उणीव बऱ्याचदा दुसरीकडे असते.

नेमके अडते कुठे?

शाळेतील इंग्रजी लेखन म्हणजे प्रामुख्याने पत्र आणि निबंध. त्यांचे साचे ठरलेले असतात आणि नमुने गाईडमध्ये तयार मिळतात. विद्यापीठात मात्र आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. हे कोण वाचणार, त्याला आधीच काय माहीत आहे आणि वाचून त्याने काय करावे अशी अपेक्षा आहे? यांवरून शब्द, लांबी आणि सूर ठरतो. हे ठरवायला कुणी शिकवलेले नसते, त्यामुळे वाक्ये बिनचूक असूनही लेखन फसते.

संदर्भ बदलला की काय बदलते?

समजा, रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने गावातील विहिरीचे पाणी तपासले. त्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रेट आढळले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात नमुना कधी घेतला, कोणत्या पद्धतीने आणि किती वेळा तपासला, हे नोंदवावे लागते. त्याशिवाय आकड्याला किंमत नाही. शोधनिबंधात एका विहिरीवरून सगळ्या तालुक्याबद्दल बोलता येत नाही. तिथे ‘प्रूव्ह्ज’ऐवजी ‘सजेस्ट्स’ असे जपून लिहावे लागते. परराज्यातील शास्त्रज्ञाला ईमेल करायचा, तर आपण कोण, काय आढळले आणि नेमकी कोणती मदत हवी, हे चार-पाच ओळींत यायला हवे. शिष्यवृत्तीच्या अर्जात हीच तपासणी आपण का केली आणि पुढे काय शिकायचे आहे, याला महत्त्व येते. ग्रामपंचायतीला द्यायचे पत्र अर्थातच मराठीत. माहिती एकच, पण लेखन पाच प्रकारचे.

असे किती प्रकार असतात?

ब्रिटनमध्ये याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. ‘ब्रिटिश अकॅडमिक रिटन इंग्लिश’ या संग्रहात तेथील विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची चांगले गुण मिळालेली २,७६१ लेखी कामे आहेत. हिलरी नेसी आणि शीना गार्डनर या अभ्यासकांनी त्यांची १३ गटांत विभागणी केली. समीक्षा, प्रस्ताव, प्रकरण अभ्यास, संशोधन अहवाल, पूर्वसाहित्याचा आढावा, सामान्य वाचकासाठीचे लेखन असे हे गट आहेत. आपल्याकडे लेखन म्हटले की आठवणारा निबंध हा त्यातील केवळ एक गट.

मराठीतून शिकलेल्यांना वेगळे काय जड जाते?

शालेय मराठी निबंध सुभाषिताने किंवा लांबच्या प्रस्तावनेने सुरू होतो आणि मुद्दा शेवटी येतो. इंग्रजी शैक्षणिक लेखनात मात्र परिच्छेदाचा मुद्दा बहुधा पहिल्याच वाक्यात येतो, पुरावा त्यानंतर. दुसरी अडचण कचेरीतून आलेल्या इंग्रजीची. ‘आय बेग टू स्टेट’, ‘काइंडली डू द नीडफुल’ ही अर्जाची भाषा आजही ईमेलमध्ये डोकावते. त्यात नम्रता असते, पण नेमके काय हवे ते वाचणाऱ्याला कळत नाही. या सवयी सुटू शकतात. मराठीत मुद्देसूद लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा निम्मा प्रवास आधीच झालेला असतो.

अभ्यासक्रमात यासाठी जागा आहे का?

आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा जाहीर केला. त्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी ८ श्रेयांक क्षमतावर्धन अभ्यासक्रमांना, म्हणजे भारतीय भाषा आणि इंग्रजीला मिळून दिले आहेत. प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. अनेकदा परीक्षेत ‘अहवाल म्हणजे काय? प्रकार सांगा’ असे विचारले जाते. एकही अहवाल न लिहिता पूर्ण गुण मिळतात. पोहण्याची व्याख्या पाठ करून कुणाला पोहता येत नाही.

याची किंमत कोण मोजतो?

विद्यार्थीच. स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही, म्हणून उतारे जसेच्या तसे उचलले जातात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष तो सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. चोरीचा हेतू नसलेलाही या नियमात अडकू शकतो.

मग ‘एआय’ची मदत घेतली तर?

व्याकरण तपासायला चॅटजीपीटीसारखी साधने उपयोगी आहेत. पण नमुना कुठून घेतला आणि निष्कर्ष किती ताणता येईल, हे ज्याने काम केले त्यालाच ठाऊक असते. ही साधने कधी कधी अस्तित्वात नसलेले संदर्भही बिनदिक्कत देतात. शिवाय तोंडी परीक्षेत उत्तर विद्यार्थ्यालाच द्यावे लागते.

उपाय काय?

लेखनाची जबाबदारी एकट्या इंग्रजी विभागावर टाकून चालणार नाही. प्रयोगाचा अहवाल कसा लिहायचा हे रसायनशास्त्राच्याच शिक्षकाने चांगल्या आणि वाईट नमुन्यांसह दाखवायला हवे. सत्रात दहा लेखी कामे देण्याऐवजी दोनच द्यावीत. पहिला मसुदा तपासून परत द्यावा आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्यावेत. त्यासाठी तुडुंब वर्ग लहान करणे आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरणे, हे सरकारचे काम आहे. विद्यार्थ्यालाही आजपासून एक गोष्ट करता येईल : लिहायला बसण्यापूर्वी वहीच्या वरच्या कोपऱ्यात, हे कोण वाचणार आहे, एवढे एक वाक्य मराठीत लिहून ठेवावे.