कर्णबधिर मुलाकडे आवाजाचा नमुना मागतात!

आमच्या दुकानात आठ वर्षांपासून एक कर्णबधिर मुलगा आहे. ताक्याला हात लावताच सूत कोणते, भेसळ किती, हे तो ओळखतो. तरीही आम्ही त्याला मागे घड्या घालायलाच बसविले, गिऱ्हाइकापुढे आणले नाही. कसूर आमचाच.

मागील वर्षी त्याने मोबाइलवर ‘सॉफ्ट स्किल्स’चा, म्हणजे बोलण्या-वागण्याचा, ऑनलाइन कोर्स घेतला. जाहिरात खास अपंग तरुणांसाठी होती. धडे सगळे बोलके. खाली इंग्रजी अक्षरे, तीही यंत्राने चुकतमाकत उमटविलेली. परीक्षेत तर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा! मुलगा नापास झाला.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. एकाच मापाचा सदरा सर्वांना कसा बसेल? कर्णबधिराला खाणाखुणांची भारतीय भाषा हवी. तिचे व्याकरण वेगळे असते, म्हणून नुसती अक्षरे पुरत नाहीत. अंधाचा मोबाइल मजकूर वाचून दाखवितो, परंतु चित्रातील अक्षरे त्याला बहुधा धड वाचता येत नाहीत. आपल्या उर्दूवाल्यांची खोड अशी की, सुंदर नस्तालीकमध्ये पान सजवायचे आणि त्याचा फोटो करून पाठवायचा. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला तर अंध मुलगा तो ऐकू शकेल. ज्याचे हात थरथरतात त्याला उत्तरासाठी वेळ जास्त द्यावा. हे करणे फार महागडे आहे असे आम्हांस वाटत नाही. कोर्स खुला करण्यापूर्वी चार अपंग मुलांकडून तो तपासून घ्यावा, एवढीच तसदी आहे.

आणि शिकवितात काय? मुलाखतीला टाय कसा बांधावा! आमच्या बाजारात भाव कसा सांगावा, परत आलेला माल तंटा न करता कसा घ्यावा, उधारी कशी मागावी, हे यायला हवे. कोर्सवाल्यांनी एक दिवस पेढीवर येऊन बसावे, चहा आमच्याकडून.

गेल्या महिन्यापासून आम्ही त्या मुलाला पुढच्या गादीवर बसविले आहे. तो भाव कॅल्क्युलेटरवर दाखवितो, बाकीचे कागदावर लिहितो. दोघे गिऱ्हाईक वैतागून निघून गेले. तिसऱ्याने सहा ताके नेले. उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे मात्र अजून त्याला समजावता आलेले नाही. खुणांची भाषा आम्हांलाच येत नाही.