थकबाकीची नोंद आणि तिचें निरसन

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे शेतकऱ्यास जी घाई होते, तिची कल्पना बँकेच्या खुर्चीवर बसणारास असतेच असें नाहीं. बियाणें, खत व मजुरी यांस पैसा लागतो तो त्या आठ-दहा दिवसांतच. मागाहून मिळालेला पैसा असून नसल्यासारखा. नेमक्या अशा वेळीं आमच्या एका सभासदास बँकेंतून उत्तर मिळालें कीं, आपल्या नांवावर थकबाकीची नोंद दिसते, सबब कर्ज देतां येत नाहीं. या गृहस्थांनीं स्वतःचें पीककर्ज आजवर दरसाल ३१ मार्चच्या आंत फेडलेलें. चौकशी करतां असें निघालें कीं, कांहीं वर्षांपूर्वीं चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जास ते जामीन राहिले होते. तें कर्ज चुलतभावानें पुढें जमिनीचा एक तुकडा विकून फेडलें, बेबाकीचा दाखला घेतला, सातबारावरील बोजाही उतरवून घेतला. परंतु कर्ज देणाऱ्या बँकेनें ही गोष्ट पतमाहिती कंपनीस कळविलीच नाहीं. नोंद जशीच्या तशी उभी राहिली. आमच्या सभासदास पेरणीसाठीं दरमहा शेंकडा तीन रुपये व्याजानें खाजगी पैसा उचलावा लागला, व नोंद दुरुस्त झाली ती दिवाळी उलटल्यावर. त्या व्याजाची भरपाई त्यांस कोणीं दिली नाहीं, आणि मागावी कोणाकडे हेंही त्यांस कळलें नाहीं.

ही नोंद म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. आपणांकडे ज्यास त्यास नुसतें 'सिबिल' म्हणण्याची चाल पडली आहे. वस्तुतः २००५ च्या कायद्याखालीं काम करणाऱ्या अशा कंपन्या देशांत चार आहेत. २००० सालीं स्थापन झालेली व हल्लीं ट्रान्सयुनियन सिबिल या नांवानें चालणारी ही त्यांपैकीं पहिली. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हाय मार्क या दुसऱ्या तीन. बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती यांच्याकडे पाठवितात. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्यास पाठविण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनें केला होता. त्या माहितीवरून माणसाच्या पतीस ३०० ते ९०० पर्यंत एक अंक दिला जातो. जामीनदाराच्या उताऱ्यांतही तें कर्ज दिसतें, हें गांवोगांव भिडेखातर सही करणारांनीं विशेषेंकरून लक्षांत ठेवावें.

आमच्या वाचकांस सातबाराच्या इतर हक्काच्या रकान्याची उपमा पुरेशी होईल. सोसायटीचें कर्ज फिटलें तरी बोजा आपोआप उतरत नाहीं. बँकेचें पत्र घेऊन ज्यास आपण अद्यापि तलाठीच म्हणतों त्याच्याकडे जावें लागतें, फेरफार व्हावा लागतो, तेव्हां कोठें तो रकाना मोकळा होतो. पतमाहिती कंपनीचें दप्तरही असेंच आहे. ती स्वतः कांहीं लिहीत नाहीं व स्वतः कांहीं खोडीतही नाहीं. कर्ज देणाऱ्या बँकेनें लिहून पाठविलें तें ती उतरवून ठेवते. फरक इतकाच कीं, सातबारा आपण वरचेवर पाहतों, आणि हा दुसरा उतारा बहुतेकांनीं जन्मांत पाहिलेला नसतो.

तो पाहण्यास पैसा पडत नाहीं. चारही कंपन्यांपैकीं प्रत्येकीनें दर वर्षीं एक संपूर्ण उतारा मागणारास फुकट दिला पाहिजे, असा नियम २०१७ पासून आहे. हा उतारा जूनमध्यें मागण्यापेक्षां दिवाळीच्या सुमारास मागावा, म्हणजे चूक निघाल्यास ती दुरुस्त होण्यास पुढील खरिपापर्यंत अवधि मिळतो.

चुका कोणत्या निघतात? एका गांवांत एकाच नांवाचे, एकाच आडनांवाचे व कित्येकदां वडिलांचेंही नांव तेंच असलेले दोन-तीन खातेदार असतात; एकाचें कर्ज दुसऱ्याच्या नांवावर चढतें. कर्ज फिटलें असतां खातें चालू दिसतें. नापिकीमुळें कर्जाचें पुनर्गठन झालें, नवे हप्ते पडले, तरी जुना हप्ता थकलेलाच दाखविला जातो. आणखी एक चूक सूक्ष्म आहे, पण महत्त्वाची. इतर कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला म्हणजे तें कर्ज अनुत्पादक ठरतें; पिकाच्या कर्जास ही मोजणी लागू नाहीं. अल्प मुदतीच्या पिकांस दोन हंगाम व दीर्घ मुदतीच्या पिकांस एक हंगाम थकबाकी राहिल्यावरच तें तसें ठरवावें, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पीककर्जास नव्वद दिवसांचें माप लावलेलें आढळलें तर त्यावर अवश्य हरकत घ्यावी.

हरकत तोंडीं घेऊं नये. "साहेबांना सांगून आलों" या वाक्यानें आजवर एकही नोंद उतरलेली आम्हीं पाहिली नाहीं. तक्रार लेखी करावी, ती बँकेस व कंपनीस अशी दोहींकडे द्यावी, सोबत बेबाकीचा दाखला व खात्याचा उतारा जोडावा आणि पोंच घ्यावी. पोंच घेणें यांतच अर्धें काम आहे. कारण तेथून तीस दिवसांची मुदत मोजली जाते. रिझर्व्ह बँकेनें २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं काढलेल्या व २६ एप्रिल २०२४ पासून अंमलांत आलेल्या परिपत्रकाप्रमाणें या मुदतींत तक्रारीचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये तक्रारदारास द्यावे लागतात. एकवीस दिवसांत बँकेनें दुरुस्ती कळविली नसेल तर ते बँकेनें द्यावयाचे, आणि बँकेनें वेळेवर कळवूनही कंपनीनें दिरंगाई केली असेल तर कंपनीनें. शंभर रुपये म्हणजे एका मजुराचा पुरता रोजही नव्हे, हें खरें. पण दिरंगाईस किंमत लागली हें कांहीं थोडें नव्हे. दुरुस्ती नाकारली तर तिचें कारण कळविणेंही बँकेवर बंधनकारक आहे. एवढ्यानें न भागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते. पतमाहिती कंपन्या त्याच्या कक्षेंत २०२२ सालीं आल्या. राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका मात्र १ नोव्हेंबर २०२५ पासून.

आतां दुसरी बाजू. थकबाकी खरीच झाली असेल तर ती कोणासही पुसतां येत नाहीं. परतफेडीच्या वेळापत्रकाचा छत्तीस महिन्यांचा इतिहास उताऱ्यांत दिसतो, आणि मिळालेली माहिती कंपनीनें निदान सात वर्षें जपून ठेवावी असा नियम आहे. पैसे भरले म्हणजे खातें बंद झाल्याचें दिसूं लागतें, पुढील व्यवहार सुरळीत ठेवले म्हणजे अंक हळूहळू चढतो. पण मागील उशीर काळ लोटल्यावांचून मागें पडत नाहीं. सबब तालुक्याच्या ठिकाणीं "सिबिल साफ करून मिळेल" अशा पाट्या लावून बसलेल्या लोकांपासून वाचकांनीं दूर राहावें. खोटी नोंद ते फुकट होणाऱ्या अर्जानें दुरुस्त करवितात व त्याचे पैसे घेतात. खरी नोंद त्यांस काढतांच येत नाहीं व तिचेही पैसे घेतात.

तडजोडीनें कर्ज मिटविणारांसही एक सूचना. एकरकमी भरण्यांत व्याजाची व कधीं मुदलाचीही सूट मिळते आणि आपण मोकळे झालों असें शेतकरी समजतो. परंतु उताऱ्यांत अशा खात्यापुढें 'बंद' असें न लिहितां 'तडजोड' या अर्थाचा शब्द पडतो, व पुढील सावकार—मग तो बँकवालाच कां असेना—त्यावर बोट ठेवतो. सूट घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं; ज्याची विहीर आटली व बाग वाळली त्यानें ती अवश्य घ्यावी. मात्र सही करण्यापूर्वीं कोणता शब्द लिहिला जाणार तें विचारून, लेखी घ्यावें.

येथवर जें सांगितलें तें कायद्यांत आहे तेंच. आमचें गाऱ्हाणें याहून निराळें आहे.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व रोखे जाळले, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या दंग्यांनंतर चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत एक साधीशी तरतूद होती. शेतकऱ्यानें पैसे दिले कीं त्यास लेखी पावती मिळाली पाहिजे, मागेल तर वर्षाचा हिशेब लिहून मिळाला पाहिजे, खात्याची पुस्तिका मिळाली पाहिजे. लिहिणें ज्याच्या हातीं, जबाबदारी त्याच्यावर, हें त्या कायद्यानें मान्य केलें. आज रोखा सावकाराच्या कपाटांत नसून मुंबईच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रांत आहे. तो जाळतां येत नाहीं, व जाळावा असें आम्ही म्हणतही नाहीं. परंतु ज्या बँकेनें ती नोंद लिहिली, तिनेंच कर्ज फिटतांच ती आपण होऊन मिटवावी, शेतकऱ्यानें अर्ज घेऊन दारोदार फिरूं नये, एवढें तत्त्व तरी दीडशे वर्षांपूर्वींच्या कायद्याइतकें पाळलें जावें कीं नाहीं? हल्लींच्या नियमांत दंड आहे, पण तो तक्रार केल्यानंतर. ज्यास चूक झाल्याची वार्ताच नाहीं तो तक्रार कशाची करणार?

कर्जमाफीच्या खात्यांविषयीं तर हें अधिकच लागू आहे. २००८ सालीं केंद्र सरकारनें, २०१७ सालीं व पुन्हां डिसेंबर २०१९ मध्यें राज्य सरकारनें माफी दिली. २०१७ च्या योजनेंत दीड लाखांची व २०१९ च्या योजनेंत दोन लाखांची मर्यादा होती. पैसा शेतकऱ्याच्या हातीं आला नाहीं, सरकारच्या तिजोरींतून निघून बँकेच्या खात्यांत जमा झाला. म्हणजे बँकेस पैसा पोंचल्याची पक्की खबर होतीच. असें असतां एखाद्या शेतकऱ्याच्या नांवापुढें तीच थकबाकी पुढील वर्षीं उभी दिसली, तर तो दोष शेतकऱ्याचा कसा?

यावर कोणी म्हणतील, राज्य सरकारनें पीककर्जास सिबिलची अट लावूं नका असें बँकांस बजावलेंच आहे. बजावलें आहे खरें. २०२३ सालीं बजावलें, २०२५ सालीं पुन्हां बजावलें, आणि पुन्हां बजावण्याची पाळी यावी यांतच पहिल्या बजावण्याचा गुण दिसून येतो. शिवाय शेतकऱ्याचें आयुष्य एका पीककर्जांत संपत नाहीं. विहीर, ठिबक, गाई-म्हशी, मुलाचें शिक्षण या प्रत्येक वेळीं तो उतारा काढला जाणार. अंक पाहूंच नका असें सांगण्यापेक्षां अंक खरा करा असें सांगणें आम्हांस अधिक हिताचें वाटतें. नियमानें फेडणाऱ्या लहान शेतकऱ्यास तारणाइतकेंच उपयोगी पडेल असें हें साधन आहे. जमीन थोडी असली तरी शब्दाचा पक्का, हें त्यावरून परक्या बँकेसही कळतें. म्हणून तर त्यांतील खोटेपणा अधिक बोंचतो.

सहकारी बँकांपुरतें पाहतां उपाय आपल्याच हातीं आहे, कारण त्यांचे संचालक आपल्याच मतांनीं निवडून येतात. तडजोडीनंतर त्याच कर्जदारास नवें कर्ज किती काळ देऊं नये, याविषयीं रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकांत इतर कर्जांस निदान बारा महिन्यांची अट आहे. शेतीच्या कर्जाचा काळ मात्र प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळानें ठरवावयाचा आहे. आपल्या जिल्हा बँकेनें तो किती ठरविला, हा प्रश्न किती सभासदांनीं सभेंत विचारला असेल? जेवणाची व्यवस्था व लाभांश यांखेरीज तेथें फारसें कांहीं निघत नाहीं, असा आमचा तरी अनुभव आहे.

येत्या वार्षिक सभेंत आम्ही पुढील ठराव मांडणार आहोंत, व इतर गांवच्या सोसायट्यांनींही तो मांडावा अशी विनंति आहे: "कर्ज फिटल्यापासून वा माफीची रक्कम जमा झाल्यापासून एक महिन्याचे आंत, कर्जदार व जामीनदार या दोघांच्याही नांवचें खातें बंद झाल्याचें दर्शविणारा पतमाहिती कंपनीचा उतारा बँकेनें स्वतः काढून बेबाकीच्या दाखल्यास जोडावा, त्यावांचून दाखला पुरा समजला जाऊं नये." ठरावाची प्रत ज्यांस पाहिजे असेल त्यांनीं सोसायटीच्या कचेरींतून न्यावी.