व्यायामाची चिठ्ठी एकट्याच्या नावावर नको

गेल्या महिन्यात ४८ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. ते स्वतः हाफ मॅरेथॉन धावतात, आठवड्यातले पाच दिवस पहाटे पाचला घराबाहेर. त्यांची साखर, रक्तदाब, वजन सगळे उत्तम. पत्नीचे एचबीए१सी ८.२, रक्तदाब १५०/९४ आणि गुडघेदुखी. "हिला कितीदा सांगतो डॉक्टर, जरा चालत जा. पण आळस!"

मी बाईंना विचारले, "सकाळी काय काय करता?" पाचला यांचा चहा, मग मुलांचे डबे, सासूबाईंचा नाश्ता आणि औषधे, साडेआठला नोकरीसाठी बस. मग चालायचे कधी?

याला आळस म्हणणे मला मान्य नाही. त्या घरात व्यायामाला वेळ होता. तो सगळा एकाच माणसाने घेतला होता.

स्वीडनमध्ये ओरिएंटियरिंग नावाचा एक खेळ घराघरांत खेळला जातो. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचे आणि जंगलात लावलेली केशरी-पांढरी निशाणे ठरलेल्या क्रमाने शोधत धावायचे. वाट ज्याची त्याने ठरवायची. तिथल्या सैनिकी प्रशिक्षणातून हा खेळ आला. १९१९ मध्ये एर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ त्याची मोठी स्पर्धा भरवली. आज त्यांच्या 'ओ-रिंगेन' या पाच दिवसांच्या वार्षिक स्पर्धेत हजारो लोक येतात, अगदी शाळकरी मुलांपासून ऐंशी ओलांडलेल्या आजी-आजोबांपर्यंत.

नोकरी-संसार सांभाळून हा खेळ खेळणाऱ्या हौशी माणसाचा आठवडा साधारण असा असू शकतो. सोमवारी विश्रांती. मंगळवारी क्लबच्या सोबत्यांबरोबर वेगाने धावणे. बुधवारी घरीच अर्धा तास ताकदीचे व्यायाम. गुरुवारी जंगलात सराव, हिवाळ्यात कपाळावर दिवा बांधून. शनिवारी हलके धावणे आणि पुन्हा थोडे ताकदीचे व्यायाम. रविवारी स्पर्धा. एकूण तीन-चार तास.

आता जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना काय सांगते ते पाहा. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. या आठवड्यात ते सगळे बसते. खडबडीत जमिनीवर घोटा, मांडी आणि कंबरेचे स्नायू सतत तोल सावरतात, ते वेगळेच. रोज पहाटे उठून किलोमीटर मोजण्याची यात कुठेही गरज पडत नाही.

पण मला सर्वांत आवडते ती या खेळातली एक साधी सोय. लहान मुले असलेल्या आईवडिलांना स्पर्धेत सुटण्याची वेळ वेगवेगळी मागून घेता येते. एक जण धावून येतो, मुलाला सांभाळतो, मग दुसरा धावायला जातो. मूल जरा मोठे झाले की त्याच्यासाठी वेगळा छोटा मार्ग असतो. म्हणजे एकाच्या व्यायामासाठी दुसऱ्याने घरी थांबायचे, असे गृहीतच धरलेले नाही.

"डॉक्टर, ते स्वीडन आहे!" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. तिथे जंगलात मोकळेपणाने फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. आपल्याकडे धड पदपथही नाहीत. तिथेही घोटे मुरगळतात, गोचिड्या चावून आजार होतात, तो काही स्वर्ग नव्हे. पण पाळीपाळीने बाहेर पडायला ना जंगल लागते, ना पैसा. त्यासाठी फक्त नवऱ्याला गॅस पेटवता आला पाहिजे.

यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे. 'रोज ४५ मिनिटे चाला' असे चिठ्ठीवर लिहून मी वर्षानुवर्षे मोकळा होत आलो. त्या ४५ मिनिटांत घरचे दूध कोण तापवणार, म्हाताऱ्या आईला इन्सुलिन कोण देणार, हे विचारले नाही. आणि न चालणाऱ्या पेशंटला मीही मनातल्या मनात आळशी ठरवले.

आता मी नवरा-बायकोला समोर बसवून एकाच कागदावर आठवडा लिहितो. प्रत्येक दिवसापुढे दोन नावे, एक बाहेर जाणाऱ्याचे आणि एक घर सांभाळणाऱ्याचे. दोघांना आठवड्यातून निदान तीन-तीन दिवस मिळाले पाहिजेत. गुडघे दुखत असतील तर सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. चालताना छातीत दाब किंवा दम जाणवला तर लगेच थांबा आणि तपासणी करून घ्या. चालणे सुरू केले म्हणून साखरेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

त्या गृहस्थांचे धावणे आता तीन दिवसांवर आले आहे. बाकीचे तीन दिवस डबे ते करतात, आणि पोळ्या अजून वाकड्या होतात असे कळले. बाई त्या दिवशी चालायला जातात. साखर किती उतरली ते तीन महिन्यांनी तपासू. परवा फोनवर त्या म्हणाल्या, "सकाळी एकटीने बाहेर पडले, त्याला किती वर्षे झाली होती तेच आठवेना."