तुमच्या गिटारची पाठ उघडा

शिराळ्याच्या आमच्या घरात माळ्यावर एक काळी इलेक्ट्रिक गिटार सहा वर्षं पडून होती. चुलतभावाची. कॉलेजच्या पहिल्या वर्षी काकांच्या मागे लागून, उसाच्या बिलातून घेतलेली. आठ महिने वाजवली आणि सोडली. का सोडलीस म्हणून विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "मला कानच न्हाई रं. कितीबी जुळवली तरी बेसूरच वाजतीया."

गेल्या दिवाळीत मी ती खाली काढली. तारा बदलल्या, सुरात लावली, ट्रेमोलोचा दांडा एकदा दाबून सोडला आणि सहाच्या सहा तारा बेसूर. म्हणजे भावाचा कान ठणठणीत होता. त्याला जे बेसूर ऐकू येत होतं ते खरंच बेसूर होतं. गिटारमधला दोष तो आठ महिने स्वतःच्या अंगाला लावून घेत होता आणि शेवटी त्याने स्वतःलाच नापास केलं.

राग गिटारचा आला नाही. स्वस्तातली गिटार जशी असते तशी ती होती. राग आला तो त्याला मिळालेल्या सल्ल्यांचा. दुकानदार म्हणाला, "खोलू नका, वॉरंटी जाईल." क्लासचे सर म्हणाले, "दांड्याला हातच लावू नको, मागे लाकडाची पाचर ठोकून टाक." ऑनलाइन तज्ज्ञ म्हणाले, "ब्रिज बदल, पिकअप बदल, खरं तर गिटारच बदल." पाठीमागच्या प्लेटचे स्क्रू काढ आणि आत काय आहे ते बघ, एवढं एकानेही सांगितलं नाही.

हा लेख त्या तिन्ही सल्ल्यांच्या विरोधात आहे.

आधी आत काय असतं ते बघू, कारण भीती तिथेच बसलेली असते. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये ब्रिज म्हणजे एक तराजू आहे. एका बाजूला सहा तारा ओढतात. नऊच्या सेटच्या तारा नेहमीच्या सुरांत लावल्या की त्यांचा एकूण ताण साधारण ३८ किलो होतो. दुसऱ्या बाजूला, गिटारच्या पोटात, तीन ते पाच स्प्रिंगा उलट ओढत असतात. मध्ये ब्रिजची पट्टी सहा स्क्रूंवर टेकून डुलते. दांडा दाबला की ब्रिज पुढे झुकतो, तारा सैल होतात, सूर खाली येतो. सोडला की स्प्रिंगा त्याला मागे आणतात. बस, एवढंच.

एवढं कळलं की पुढचं आपोआप कळतं. एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे येतो आणि बाकीच्या पाच उतरतात. म्हणून नवीन पोरगा एकेक तार जुळवत गोल गोल फिरत राहतो आणि शेवटी स्वतःला शिव्या घालतो. एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. आणि दांडा सोडल्यावर गिटार सुरात परत येत नसेल, तर कुठेतरी काहीतरी अडकतंय. बहुतेक वेळा नटच्या खाचेत तार अडकते, नाहीतर ते सहा स्क्रू इतके आवळलेले असतात की ब्रिजला हलायला जागाच नसते.

भावाच्या गिटारमध्ये दोन्ही होतं. नटच्या खाचांत मी पेन्सिलचं शिसं घासलं, म्हणजे तार सरकायला लागली. कडेचे दोन स्क्रू नेमके ठेवून मधले चार जरासे वर घेतले. मागचे स्प्रिंगांचे दोन मोठे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत ब्रिज समतोलात आणला. दीड तास गेला. खर्च म्हणाल तर तारांचा सेट आणि घरातलीच पेन्सिल.

आता "ओरिजिनल"च्या भक्तांकडे येतो. त्यांचं म्हणणं असं की कंपनीने विचार करून बनवलंय, तू कोण शहाणा? जरूर बनवलंय. पण बनवणारा कोण होता तेही बघा. लिओ फेंडर अकाउंटिंग शिकलेला, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. तो नमुने बनवायचा, वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकून पुन्हा बनवायचा. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली ती अशी. तिच्या ब्रिजच्या पेटंटमध्ये त्याने ‘ट्रेमोलो’ असा शब्द वापरला. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं. सूर वरखाली होतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. गंमत म्हणजे त्याच्याच ॲम्प्लिफायरवर जिथे खरा ट्रेमोलो होता तिथे त्याने ‘व्हायब्रेटो’ लिहून ठेवलं. आज सत्तर वर्षांनंतरही अख्खं जग ती चूक म्हणत बसलंय. ज्या यंत्राचं नावच चुकलंय, त्याच्या स्क्रूला सोवळं कसलं?

वाजवणाऱ्यांनी तर ते सोवळं पहिल्या दिवसापासून मोडलं. ब्रिजवर एक चकचकीत धातूचं झाकण यायचं. वादकांनी ते काढून टाकलं आणि त्यात सिगारेटची राख झटकायला लागले, म्हणून त्याचं नावच ‘ॲश-ट्रे’ पडलं. पिकअपचा स्विच तीन जागांचा होता. लोकांनी तो दोन जागांच्या मध्ये अडकवून नवे आवाज शोधले आणि १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली. एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरचा गळा जोडून आपली गिटार बनवली. २००७ मध्ये तिची ओरखड्यांसकट हुबेहूब नक्कल २५ हजार डॉलरला विकली गेली. म्हणजे आज तुम्ही ज्याला ओरिजिनल म्हणून हात जोडता, ते कालच्या कुणाचं तरी मॉडिफिकेशन आहे.

पाचर ठोकणाऱ्या सरांनाही एक सांगायचंय. ब्रिज बॉडीला चिकटवून ठेवणं ही सुद्धा मोडतोडच आहे. फेंडरच्या मूळ सेटिंगमध्ये ब्रिजची मागची बाजू बॉडीपासून सुमारे ३ मिलिमीटर वर तरंगती असते. तेव्हा "ओरिजिनल ठेव" आणि "पाचर मार" हे दोन सल्ले एकाच तोंडून येऊ शकत नाहीत. पाचर वाईट नाही. एरिक क्लॅप्टन आपल्या स्ट्रॅटचा ट्रेमोलो लाकडाने बंद करून वाजवतो. जेफ बेकने तोच ट्रेमोलो मोकळा ठेवून त्यातून माणसाच्या गळ्यासारखे सूर काढले. दोघेही यार्डबर्ड्समधून पुढे आलेले, गिटार तीच, पसंती उलट. क्लॅप्टनने बोटांना काय हवंय ते ठरवून पाचर मारली. आपला पोरगा भीतीपोटी मारतो. लाकूड तेच असलं तरी पहिल्याने निवड केली आणि दुसऱ्याने शरणागती पत्करली.

हे सगळं परदेशातलं झालं म्हणाल, तर आमच्याच जिल्ह्यात चला. मिरजेला. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं. तेव्हा फरीदसाहेबांनी आधी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली, असं मिरजेत सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे स्टेटस आपण सगळ्यांनी टाकले. पण या कारागिरीचा जीव कुठे आहे? घोडीवर, म्हणजे ब्रिजवर.

तानपुऱ्याची तार घोडीवर एका टोकावर टेकत नाही. ती किंचित गोलाई दिलेल्या रुंद पृष्ठभागावर घासत जाते आणि त्यातून तो भरलेला, झणझणीत आवाज निघतो. त्याला जवारी म्हणतात. कारागीर कानसीने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडल्या की जवारी बिघडते आणि पुन्हा काढून घ्यावी लागते. रविशंकरांच्या सतारीची जवारी खुली, खर्जाच्या तारांसकट. विलायत खाँसाहेबांची बंद, आणि त्यांनी तर खर्जाच्या तारा काढून टाकल्या, लांब मींड सोसावी म्हणून सतारीचा सांगाडा मजबूत करून घेतला. दोघांपैकी ओरिजिनल सतार कुणाची, असा प्रश्न मिरजेतल्या कारागिराला विचारून बघा. तो तुमच्याकडे दयेने बघेल. त्याच्या लेखी वाद्य दुकानातून बाहेर पडतं तेव्हा पुरं झालेलं नसतं. वाजवणाऱ्याच्या कानाने ते पुरं होतं.

मिरजही लांब वाटत असेल तर वरातीतला बेंजो ऐका. ते मूळचं जपानी वाद्य, तैशोगोतो, १९१२ साली नागोयात जन्मलेलं. इकडे येऊन त्याचं बुलबुलतरंग झालं आणि मग आपल्या पार्टीवाल्यांनी त्याला पिकअप बसवून, ॲम्प्लिफायरला जोडून, अख्खी गल्ली हलवणारा बेंजो केला. नागपंचमीला शिराळ्यात पोरं ज्यावर नाचतात, ते मॉडिफिकेशनच आहे. तिथे कुणी वॉरंटी विचारत नाही.

मग तिसरा सल्ला, नवे पार्ट मागवण्याचा. तो वरवर माझ्या बाजूचा वाटतो, पण तो पहिल्याचाच सख्खा भाऊ आहे. दोघांनाही आत बघायचं नाही. एकाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याला कार्टमध्ये टाकायचंय. माझ्या रूममेटने आवाज भारी होतो म्हणून जुन्या अमेरिकन धाटणीचा ब्रिज मागवला. त्याच्या कडेच्या दोन भोकांतलं अंतर साधारण ५६ मिलिमीटर. याची गिटार स्वस्तातली आशियाई, तिचं ५२.५. भोकं जुळेनात. पट्टीने एकदा मोजलं असतं तर पैसे वाचले असते. मोजणं हे मॉडिफिकेशन आहे, मागवणं ही खरेदी आहे.

मीही बदल केला, पण दुखणं सापडल्यावर. भावाच्या गिटारमधला ब्लॉक पातळ, जस्ताच्या मिश्रधातूचा होता आणि दांड्याच्या भोकाचे आटे झिजले होते, त्यामुळे दांडा लुळा पडायचा. पेठ नाक्याकडे ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये जुना ब्लॉक घेऊन गेलो. मालकांनी तो हातात फिरवून विचारलं, "ह्यो कशातला हाय?" सांगितलं. त्यांनी व्हर्नियरने मापं घेतली आणि तिसऱ्या दिवशी पितळेचा ब्लॉक हातात ठेवला. आवाज बदलला का? थोडा बदलला, पण त्यावर मी भांडणार नाही. दांडा मात्र लुळा राहिला नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

रिसेल व्हॅल्यूचं काय, हा प्रश्न येणारच. १९५० च्या दशकातली खरी स्ट्रॅट तुमच्याकडे असेल तर तिला हात लावू नका, लॉकरमध्ये ठेवा. पण बारा-पंधरा हजारांच्या गिटारची पुढच्या गिऱ्हाइकासाठी जपणूक करणारे आपण तिचे मालक आहोत की गोडाऊनचे वॉचमन? आणि बिघडलं तर? बिघडेल. कधीतरी स्क्रूचं डोकं जाईल. म्हणून साधे नियम पाळायचे. खोलण्याआधी फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, वाजवून बघा, मग पुढची. जे परत जोडता येतं ते आधी करा. लाकूड कापणं आणि खाचा घासणं सगळ्यात शेवटी, कारण घासलेलं परत येत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. खरं सांगायचं तर दुसऱ्यांनी लिहिलेलं जुनं, विस्कटलेलं सॉफ्टवेअर दिवसभर उघडून दुरुस्त करतो. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, व्हायवाला स्प्रिंगचं सूत्र धडाधड म्हणून दाखवलं, आणि समोर खरी स्प्रिंग आल्यावर वॉरंटीचा कागद शोधत होतो. माझ्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनिअरांची हीच गत आहे. आपल्याला कुणी वस्तू उघडायलाच दिली नाही. म्हणून ती चालेनाशी झाली की दोनच शक्यता दिसतात, नवीन घ्यायची, नाहीतर आपल्यातच काहीतरी कमी आहे असं मानायचं. पैसा असलेली पोरं पहिलं करतात. आमच्याकडची पोरं दुसरं करतात आणि गिटार माळ्यावर जाते. हा प्रश्न छंदापुरता राहत नाही तो इथे.

भाऊबीजेच्या रात्री मी गिटार भावाच्या हातात दिली आणि दांडा दाबायला सांगितला. त्याने दाबला, सोडला, ट्यूनर न लावता सहाही तारा एकेक करून छेडल्या. मग पुन्हा दाबला, पुन्हा छेडल्या.

"आयला," तो म्हणाला, "म्हंजे माझा कान बराबर हुता की रं."

सहा वर्षं. तुमच्या माळ्यावर, कपाटावर, हॉस्टेलच्या कॉटखाली अशी एखादी गिटार असेलच. या रविवारी ती काढा. स्टारचा स्क्रूड्रायव्हर घ्या, फोनवर एक फोटो काढा आणि तिची पाठ उघडा.