मध गोड आहे, गोळीला पर्याय नाही!

मित्रांनो, ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: "रोज दोन चमचे शुद्ध मध घ्या, शुगर कायमची गायब."

स्पष्टच बोलतो. मधात जवळपास ८० टक्के साखरच असते. मोठा चमचाभर मध म्हणजे साधारण १७ ग्रॅम साखर. मधमाशीने केली म्हणून ती रक्तात वेगळी वागत नाही.

संशोधन झालंच नाही, असं नाही. टोरांटो विद्यापीठाच्या २०२२च्या आढाव्यात कच्च्या मधाने उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचं दिसलं. पण त्यातली बहुतेक माणसं निरोगी होती! माश्या पोळ्याच्या फटी बुजवतात तो डिंक, म्हणजे प्रोपोलिस. त्याचे छोटे प्रयोग आशा दाखवतात, तेही औषधाच्या जोडीला.

आणि 'शुद्ध' कशावरून? सीएसईने २०२० साली १३ ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत पास झाले फक्त ३. बाकीच्यांत भेसळ निघाली ती साखरेच्या पाकाचीच.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरी असे दावे राजरोस चालतात. प्रशासन कारवाई कधी करणार?

महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव'. तिथला मध जरूर घ्या, योग्य भाव द्या. त्या कष्टाला खोट्या दाव्याची गरज नाही. शुगर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खा, आणि गोळी बंद करू नका.

मेसेज पुढे ढकलण्याआधी घरातल्या शुगरवाल्या माणसाचा एकदा विचार करा.