आलापाचा गळा कोण दाबतो?

रेडिओवर शास्त्रीय संगीत कोणी ऐकत नाही, हे रडगाणे आपल्याकडे जुनेच आहे. माझा प्रश्न उलटा आहे. रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकू येते तरी का? गवई गातो, निवेदिका रागाचे नाव सांगते, सगळे खरे. पण स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्या मधे एक पेटी बसलेली असते. तिला ऑडिओ प्रोसेसर म्हणतात. गायकाचा आवाज आपल्यापर्यंत कसा पोचावा, हे शेवटी ती ठरवते. आमचे संगीत समीक्षक बंदिशीवर पाने भरतात, या पेटीवर मात्र चकार शब्द नाही!

गेल्या वर्षी बडोद्याला गोरव्यात मुक्काम होता. ज्या शहरात १८८६ साली मौलाबक्षांची संगीतशाळा उभी राहिली, १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, फैयाज खाँसाहेब दरबार गवई होते, त्या शहरात रात्री रेडिओ लावला. विलंबित ख्याल चालू होता. गायिका थांबली की तानपुरा फुगून अंगावर यायचा, तिने सूर लावला की पुन्हा मागे ढकलला जायचा. दमेकऱ्याच्या छातीसारखा! केंद्राचे नाव सांगत नाही, कारण हा रोग एकट्या त्याचा नाही. आपल्याकडच्या घुमट-आरतीचेही असेच हाल झालेले मी ऐकले आहेत.

हे होते कसे? या पेटीत 'एजीसी' नावाचा एक भाग असतो. आवाज लहान झाला की तो वाढवायचा, मोठा झाला की उतरवायचा, हे त्याचे काम. गायिका श्वासासाठी थांबली की त्याला वाटते, आवाज पडला, उचला! मग उचलला जातो तो तानपुरा. पुढे कॉम्प्रेसर मंद्र, मध्य, तार असे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगवेगळे दाबतो, त्यात आवाजाची जातच बदलते. शेवटी क्लिपर उंच टोके छाटतो, आणि तबल्याचा 'ना' बोथट होतो.

यंत्राला मी शिव्या देत नाही. एफएम लहरीचे विचलन ७५ किलोहर्ट्झच्या पलीकडे जाऊ द्यायचे नसते, तेव्हा लगाम हवाच. १९७५ साली अमेरिकेत रॉबर्ट ऑर्बन यांचा 'ऑप्टिमॉड ८०००' आला तो याच गरजेतून. पण मर्यादा सगळ्यांना सारखीच असल्यामुळे शेजारच्या केंद्रापेक्षा मोठे ऐकू यायचे तर एकच वाट उरते : लहान ते फुगवा, मोठे ते छाटा. त्यातून जगभर आवाजाची शर्यत लागली, आणि आपणही डोळे मिटून तिच्यात उतरलो.

"बसमध्ये, गाडीत हळू आवाज ऐकू येत नाही," असे उत्तर मिळते. मान्य! सकाळी पणजीच्या बसमध्ये सिनेमाची गाणी खुशाल दाबून वाजवा. पण रात्री दहाला घरी बसून ख्याल ऐकणाऱ्याला तीच शिक्षा का? या पेट्यांमध्ये अनेक प्रीसेट साठवता येतात, आणि घड्याळ लावून दिले की बहुतेक पेट्या ते आपोआप बदलतात. एजीसीचा वेग मंद करा. त्याच्यापाशी 'गेट' असते. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ते वाढ गोठवून ठेवते. ती पातळी अशी ठेवा की नुसता तानपुरा तिच्या खालीच राहील. क्लिपरवरचा भार उतरवा. यासाठी एक पैसाही लागत नाही. लागतो तो कान.

आणि नेमके तेच कोणी लावत नाही. पेटी बसवणारा एकदा सेटिंग करून जातो, पुढे वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. इंजिनिअर म्हणतो मीटर ठीक आहे, कार्यक्रम अधिकारी म्हणतो तो तांत्रिक विभाग. दोघांच्या मधे आलाप मरतो.

केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. तिथे निदान त्याला कोणी प्रोसेसर लावणार नाही! इथल्या गायकांसाठी मागणी साधी आहे. शास्त्रीय संगीताच्या वेळेसाठी वेगळे प्रीसेट करा, आणि ते ठरवताना इंजिनिअरच्या शेजारच्या खुर्चीवर एक गाणारा माणूस बसवा. श्रोत्यांनीही गप्प बसू नये. तानपुरा फुगताना ऐकू आला की तारीख-वेळ टिपून केंद्राला पत्र टाकावे. तक्रारच गेली नाही, तर सगळे आलबेल आहे असेच ते समजणार.